टाकीतल्या माशांचा खाऊ

“हळू सोड! पाणी हललं की अळ्या तळाशी पळतात,” मनी कुजबुजली.

भोपळ्याने श्वास रोखून काठीला बांधलेली चहाची गाळणी टाकीच्या तुटक्या जाळीतून खाली सोडली. हा मनीचा मावसभाऊ. शेजारची बडबडी पहारा देत होती आणि गप्प उभं राहणं तिला फारच जड जात होतं.

ही काही सुट्टीतली गंमत नव्हती. मनीचा धाकटा भाऊ, बारक्या, डेंगीने दवाखान्यात होता. ताप उतरला होता, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, “पुन्हा झाला तर जास्त धोका!” इमारतीत आणखी दोघं आजारी होते. डास कुठे होतात ते सापडलं नाही, तर बारक्याला थेट आत्याकडे पाठवायचं आणि तिथल्याच शाळेत घालायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. शेजारचं रिकामं अंथरूण मनीला बघवत नव्हतं.

मोठ्यांनी कुंड्या उपड्या केल्या, कूलर कोरडे केले, धुराने सगळ्यांना खोकायला लावलं. मागच्या अंगणात आग विझवायला पाणी साठवलेली टाकी होती, तिच्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. “तिच्यात गप्पी मासे सोडलेत. अळी दिसली की गट्टम!” इमारतीचे अध्यक्षआजोबा छाती फुगवून सांगायचे. झाकणाची किल्लीही त्यांच्याच खिशात. आरोग्यखात्याच्या ताईसुद्धा त्यांच्या शब्दावर परत गेल्या. पण काल खेळताना भोपळ्याने जाळीतून एकामागून एक डास बाहेर पडताना पाहिले होते.

गाळणी वर आली. डासांच्या अळ्याच अळ्या! त्या वळवळत होत्या, आणि त्यांच्यात काहीतरी लगदा होता. मनीने सगळं काचेच्या बरणीत ओतलं.

“केवढ्या गुबगुबीत!” भोपळ्या म्हणाला.

“तुझेच भाऊबंद दिसतात,” बडबडीला राहवलं नाही.

मनी हसली नाही. “कुंडीच्या ताटलीत सापडलेल्या आठवतात? अगदी सुतासारख्या होत्या. तिथल्या स्वच्छ पाण्यात त्यांना खायला काही नव्हतं. मग यांना काय मिळतंय?”

तिने बरणीला भिंग लावलं. अळ्यांच्या तोंडापाशी केसांचे बारीक झुबके भराभर हलत होते आणि पाण्यातला चुरा ओढला जाऊन थेट तोंडात जात होता.

“शेवाळ, कुजलेला पाला, पाण्यातले सूक्ष्म जीव, हे सगळं त्या खातात. पुस्तकात होतं. पण हे...” मनीने लगद्याचा वास घेतला. “हे बिस्किट आहे!”

तिने भिंग खाली ठेवलं. रोज सकाळी जाळीतून अंधाऱ्या टाकीत बिस्किटं कुस्करून टाकणारे दोघंच होते. एक अध्यक्षआजोबा, आणि दुसरा त्यांचं बोट धरून जाणारा बारक्या.

“तो तर माशांना खाऊ घालायचा,” ती कशीबशी म्हणाली. तिला रडूच आलं.

“आजोबांना विचारलं तर भडकतील. किल्ली तर देणारच नाहीत,” भोपळ्या म्हणाला.

“मग विचारायचंच नाही!” बडबडी म्हणाली. अखेर तिच्या तोंडाला काम मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांकडे धावत गेली. “आजोबा, माशांना पिल्लं झाली असतील ना? दाखवा ना! सगळ्यांना बोलवू?”

आजोबांची कळी खुलली. अख्खी इमारत जमली. मनीने आरोग्यताईंनाही बोलावून आणलं. आजोबांनी ऐटीत कुलूप काढलं, झाकण उचललं आणि डासांचा लोटच त्यांच्या तोंडावर आला!

“असतील... तळाशी असतील,” आजोबा म्हणाले. त्यांनी काठीने पाणी ढवळलं. घाण वास सुटला. मासा एकही नव्हता.

मनीने रात्रभर मनात खूप राग जमवला होता. पण आजोबांचा चेहरा पाहून तिला तो काढता आला नाही.

“आजोबा, रोजच्या खाऊने माशांची पोटं भरत होती,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग ते अळ्या कशाला खातील? उरलेलं कुजलं, पाणी सडलं, मासे मेले. आणि आपला खाऊ अळ्या खात राहिल्या.”

“बरोबर आहे तिचं. डेंगीचे डास फक्त स्वच्छ पाण्यातच होतात असं नाही,” ताई म्हणाल्या. “झाकण मी तेव्हाच उघडायला लावायला हवं होतं.”

“मीच आणायचो गं बारक्याला इथे,” आजोबा म्हणाले आणि खालीच बसले.

त्याच दिवशी टाकी उपसली, घासली, जाळी बदलली. “आम्ही डासांमागे धूर घेऊन धावलो,” ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “या पोरांनी त्यांचं ताटच शोधून काढलं. शाब्बास!” बाबांनी लगेच आत्याला फोन लावला आणि बारक्या येणार नसल्याचं सांगितलं.

बारक्या घरी आला तो हडकुळा होऊन. टाकीत नवे गप्पी मासे सोडले होते. तो आजोबांचं बोट धरून जाळीतून वाकून बघत राहिला.

“आजोबा, त्यांना भूक लागली असेल!”

आजोबांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“लागू दे, बाळा,” ते म्हणाले आणि त्यांनी बारक्याला उचलून कडेवर घेतलं. “लागू दे.”