पारवा की राखाडी

माझ्या सख्ख्या भावाच्या, भोजराजदादाच्या लग्नाआधी केशोरी गावातल्या आमच्या घरातली मधली खोली रंगवायची होती, एवढंच. बाबांनी गोंदियाहून डिस्टेंपरच्या दोन पुड्या आणल्या, एक पारवा, एक राखाडी. रंगारी चैतरामने दोन्हींचे पट्टे वरून थेट जमिनीपर्यंत शेजारी शेजारी ओढले आणि जेवायला गेला.

"कॉलेज शिकली ना तू? मंग सांग कोणता," सुलोचनाकाकी म्हणाली. "मले तं दोन्ही एकाच म्हशीचे रंग दिसून राहिले."

मला हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत आई बाळंतपणात गेली, पोटातल्या बाळासकट. मी नागपूरला वसतिगृहात होते. तार उशिरा पोचली. तिचा शेवटचा शब्दसुद्धा माझ्या वाट्याला आला नाही. निदान ही खोली तरी तिच्या मनासारखी व्हावी, असं फार वाटत होतं.

काकी गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आई, तूच सांग गं."

बाहेर भर दुपार होती, तरी खोलीत अंधारून आल्यासारखं झालं. ओल्या मातीचा वास आला... मग पांढऱ्या मातीनं पोतारताना ओलं फडकं भिंतीवरून फिरतं ना, तसा आवाज. सावकाश. माझ्या पाठीमागे.

वळले, तर कुणी नव्हतं. राखाडी पट्ट्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, पांढऱ्या मातीचा पंजा उमटला होता. बोटांतून पाणी ओघळत होतं...

मी ओरडतच ओसरीवर आले. चैतराम चूळ भरत होता. "पारवा लावा... सगळीकडे पारवा! आधी तो राखाडी झाका!"

संध्याकाळी धीर करून काकीला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचे हात थांबले.

"झाकाले कायले लावलं वं बाई?" ती कुजबुजली. "सून यायच्या खोलीत सासू पांढऱ्या मातीत हात बुडवून भिंतीले हाता देते. खोली पसंत पडली म्हणून. तुही माय नाई, तं उद्या मीच देणार होती... ते सोता येऊन देऊन गेली, अन् तू..."

मी खोलीत धावले. पारवा रंग एकसारखा वाळला होता. जिथे पंजा होता तिथे तळवा टेकवला. "आई, भ्याले गं मी... परत सांग." ना वास, ना आवाज. मी विचारलं, तिनं सांगितलं, आणि माझीच आई मला ओळखू आली नाही.

चैतराम दारात बादली आवरत होता. "बाई, मोठा हात झाकला गेला. तो लहाना काही केल्या झाकूनच नाई राहिला."

"लहाना?"

"मोठ्याच्या खाली, जमिनीजवळ. दोनेक सालाच्या पोट्ट्याचा असन. कोनाचं लेकरू आलतं का घरात?"

पाहुणे अजून कुणीच आले नव्हते. माझा तळवा भिंतीवरच होता. खाली मी अजून पाहिलं नव्हतं...