आज्यांचं पाणी

यूराने स्कूटर थांबवली ती वाऱ्यामुळे. त्या माणसाला पाहून नव्हे, असं ती पुढे कितीतरी दिवस शपथेवर सांगत होती. मागच्या खोक्यातले डबे खडखडत होते, मुळ्याच्या किमचीचं पाणी सांडेल अशी भीती होती... एवढंच. पण जेजू बेटावर वारा काय, रोजच असतो. काळा पोहण्याचा पोशाख घातलेला, ओले केस कपाळाला चिकटलेला, समुद्रातून निघून थेट आपल्याकडे बघून हसणारा उंच तरुण मात्र रोज नसतो.

त्याच्या हातात एक रिकामं जाळं होतं. ते त्याने लढाई जिंकून आल्यासारखं उंच धरलं.

"पाहिलंत?" तो खडकावरूनच ओरडला. "कुणीतरी पाण्याखाली टाकून दिलं होतं! आत पन्नास-साठ शंख अडकले होते बिचारे. एकेकाला सोडवलं. अर्धा तास लागला!"

यूराच्या ओठांवर येऊ घातलेलं हसू तिथेच थिजलं. जाळ्याच्या तोंडाशी लाल चिंधीची गाठ होती. ती गाठ मुलके गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं.

"तुम्ही... सोडवले?"

"हो! तुरुतुरु गेले. म्हणजे, शंखांच्या मानाने तुरुतुरु."

"अहो, ते अडकले नव्हते, ठेवले होते! ओक्चा आजींचं जाळं आहे ते. सहा दिवस बुड्या मारून जमवलेला माल. बाजाराच्या दिवसापर्यंत जिवंत राहावा म्हणून इथल्या बायका तो पाण्यातच ठेवतात."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातलं जाळं हळूहळू खाली आलं.

"या ओक्चा आजी... रागीट आहेत का हो?"

"एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. मध्ये एकदा एका ऑक्टोपसने त्यांचा हात धरला होता."

"मग?"

"पश्चात्ताप झाला त्याला."

तो हसला, आणि हसता हसता गंभीर झाला. त्याने गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून एक नकाशा काढला. "पण इथे उतरायची परवानगी होती आम्हाला. हे बघा ना, ही जागा मोकळी दाखवली आहे."

यूराने पाहिलं. नकाशा तिनेच काढलेला होता. ती गावच्या सेवा केंद्रात कामाला होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबे पोचवायचे, रक्तदाब मोजायचा, आज गुडघा काय म्हणतोय ते ऐकून घ्यायचं. समुद्र साफ करणाऱ्या स्वयंसेवकांनी केंद्राकडे नकाशा मागितला तेव्हा तिने तो एका दुपारी, डब्यांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये काढून दिला होता. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी पंचाहत्तरी उलटलेल्या पाणबुड्या बायकांसाठी, बुड्या मारून शंख वेचणाऱ्या आज्यांसाठी, राखलेलं असतं. तरुण बायका तिथे बोटही बुडवत नाहीत. त्याला म्हणतातच आज्यांचं पाणी. पण ती रेघ तिने काढलीच नव्हती. ही गोष्ट गावात कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असते!

"खाली नाव आहे, बू यूरा," तो म्हणाला. "कोण आहेत या?"

आता खरं बोलून मोकळं व्हावं की नाही?

"आहे एक... केंद्रातली. बावळट आहे जरा."

"छे हो. अक्षर बघा किती सुंदर आहे!" नकाशा तिच्यासमोर धरून तो म्हणाला. "मी ओ सेजून. चला, न्या मला आजींकडे, त्या ऑक्टोपसच्याच वाटेने."

* * *

पाणबुड्यांच्या दगडी खोलीत शेकोटी पेटली होती. सेजूनने कपाळ गुडघ्यांना टेकेपर्यंत वाकून नमस्कार केला.

"माझे शंख कुठेत, पोरा?" ओक्चा आजींनी विचारलं.

"सोडले, आजी..."

"काय?"

"सोडले!"

"अरे, मोठ्यानं बोल! साठ वर्षं बुड्या मारल्या, कान तिथेच खाली राहिले!"

"सोडून दिले!!" बाहेरच्या भिंतीवरचे समुद्रपक्षी उडाले.

आजींनी आपलं रिकामं जाळं त्याच्या गळ्यात अडकवलं. "हे पुन्हा भरेपर्यंत माझं ओझं तू वाहायचंस. कचरा काढ, काय हवं ते काढ, पण मी पाण्याबाहेर आले की तू इथे हजर पाहिजेस."

पाणबुड्यांची म्होरकी दक्सिम मावशी मात्र एवढ्यावर थांबणारी नव्हती. समुद्र गावाचा, आणि त्यात कोण उतरणार हे ठरवायचं या बायकांनी. ती म्हणाली, "तुमच्या टोळीला आठ दिवस दिलेत, तेही चाचणी म्हणून. भांगाचे, संथ भरती-ओहोटीचे दिवस संपले, पाणी जोर धरायला लागलं, की आमची बैठक. हिवाळाभर राहायचं की त्याच दुपारी गाशा गुंडाळायचा, ते तिथे ठरेल. आणि माझं मत विचाराल तर..."

तिने मत सांगितलं नाही. नुसतं जाळ्याकडे बघितलं. यूराचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

पहिल्याच दिवशी सेजूनने आणखी एक पराक्रम केला. शेकायला म्हणून तो सरळ दक्सिम मावशीच्या जागेवर जाऊन बसला. सगळ्यात खोल बुडी मारणारीची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला असते, तिथे धूर येत नाही. खोलीतल्या चौदा बायका अवाक झाल्या. ओक्चा आजींनी त्याचा कान धरून त्याला धुराच्या बाजूला बसवलं. "इथे बस. घोट्याएवढ्या पाण्यातला तू!"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. यूराने रुमाल पुढे केला. रुमाल घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर अंमळ जास्तच रेंगाळली... की तिला तसं वाटलं?

मग रोजचाच क्रम झाला. सकाळी सेजून आपल्या पाच सोबत्यांबरोबर पाण्यात उतरायचा आणि दोरखंड, थर्मोकोलचे तरंगते गोळे, परक्या देशांच्या बाटल्या वर काढायचा. आजी पाण्यातून डोकं काढून शीळ घातल्यासारखा श्वास सोडायच्या, की हा हातातलं टाकून धावायचा. आणि यूराची स्कूटर? ती आता किनाऱ्याच्या रस्त्याने दिवसातून तीनदा जाऊ लागली. वास्तविक आतला रस्ता जवळचा. पण तिथे वारा कमी, आणि यूराला म्हणे मोकळी हवा मानवते.

"आज पुन्हा वारा का?" तो विचारायचा.

"तुमच्यासाठी नाही आले. पोतं धरायला कुणी नाही म्हणून आले."

"मग धरा ना... पण माझ्याकडे न बघता. मला कचरा दिसेनासा होतो."

पाचव्या दिवशी सर आली. बारीक, तिरपी, खारट वासाची. दोघं दगडी खोलीच्या वळचणीखाली उभी राहिली. जागा जेमतेम दीड माणसाची होती. यूराने खिशातलं संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं.

"तुम्ही देजनचे. तिथे कुठे आलाय समुद्र?"

"नाहीच ना. तलावात पोरांना पोहायला शिकवायचो. एक चिमुरडी म्हणाली, सर, समुद्र घाण असतो म्हणून आई नेत नाही. म्हटलं, आपण बघून तरी यावं."

"मग? आहे घाण?"

"आहे. पण बाकीचं कुणी सांगितलंच नव्हतं."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हणजे... वारा. संत्री."

"आणि?"

तो तिच्याकडे बघत राहिला. पागोळीचा एक थेंब तिच्या पापणीवर पडला, तरी तिने डोळे मिटले नाहीत.

"आणि मुळ्याची किमची," तो म्हणाला. तिने साल त्याच्या अंगावर फेकलं. दोघं एवढी हसली की आतून आजी ओरडल्या, "काय झालं? मलाही सांगा!"

त्या हसण्यातच यूराला रडू फुटायचं बाकी होतं. हा माणूस तिच्या चुकीपायी ओझी वाहत होता, धूर खात होता, आणि वर तिला हसवत होता. "सेजून, मला एक सांगायचंय..." तिने सुरुवात केली.

"सांगा."

"...आजींची गोळी राहिली."

रोज असंच. खरं सांगितलं तर तो आपल्याकडे पुन्हा असा बघणार नाही, ही भीती तिला चोरासारखी गप्प बसवत होती.

* * *

आठव्या दिवशी दुपारी बैठक बसली. बाहेर स्वयंसेवकांची गाडी उभी होती, सामान भरून. निकाल काय लागणार हे त्यांनी ओळखलंच होतं.

"मुलगा गुणी आहे," दक्सिम मावशी म्हणाली. "पण ज्याला ठेवीचं जाळं आणि कचरा यातला फरक कळत नाही, त्याला हिवाळाभर समुद्र कसा द्यायचा? बरं, तू आज्यांच्या पाण्यात उतरलासच कसा? नकाशा होता ना तुझ्याकडे?"

यूराच्या मनात आलं, आता तो नकाशा काढणार, रेघ नाही हे दाखवणार, आणि सुटणार...

"चूक माझी आहे," सेजून शांतपणे म्हणाला. "मी नीट विचारायला हवं होतं."

"म्हणजे नकाशात दाखवलं होतं?"

"चूक माझी आहे, मावशी."

यूरा उठली.

"नकाशा मी काढला होता! त्यात आज्यांचं पाणी दाखवलंच नव्हतं. मला वाटलं, हे तर सगळ्यांना माहीतच असतं."

"आणि आठ दिवस तू मूग गिळून बसलीस?" दक्सिम मावशीचा आवाज चढला. "का?"

"कारण..." यूराने मान खाली घातली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते ती?" ओक्चा आजींनी कानाला हात लावला.

यूराने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"अगं, ओरड की! इथे सगळ्यांचेच कान गेलेत!"

"कारण मला तो आवडतो!!" यूरा किंचाळली. "खरं कळलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही असं वाटलं!"

बाहेर गाडीच्या टपावर दोर आवळणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातून दोर सुटला. चौदा बायकांनी चौदा वेळा एकमेकींकडे बघितलं. यूराला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सेजूनचे कान लालबुंद झाले होते. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं? मोठ्यानं!" आजी.

"तीच बू यूरा आहे, हे माहीत होतं!" तो ओरडला. "पहिल्या दिवसापासून! जॅकेटवर नाव शिवलेलं आहे तिच्या! बोललो असतो तर तिला लाज वाटली असती, आणि दुसऱ्या दिवशी ती त्या रस्त्याने आलीच नसती! आणि मला तर... मला ती रोज यायला हवी होती!!"

ओक्चा आजी आधी गालातल्या गालात हसल्या, मग पोट धरून हसल्या. काठी टेकत उभ्या राहिल्या आणि दक्सिम मावशीकडे वळल्या.

"पाणी कुणाचं? आमचं. शंख कुणाचे? माझे. मग मीच सांगते. आजवर ज्यांनी आमच्या पाण्यात हात घातला, त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. या दोघांनी चूक आपल्याच अंगावर घेतली. असली माणसं मी किनाऱ्यावरून घालवायची नाही."

दक्सिम मावशीने एक लांब सुस्कारा सोडला. "हात वर करा मग, कोण कोण हो म्हणतंय."

चौदा हात वर गेले, आणि त्यात तिचाही होता.

सेजून दारात गेला आणि गाडीकडे बघून ओरडला, "उतरवा रे सामान! हिवाळा इथेच!" आता त्याला ओरडायची सवयच झाली होती.

यूरा केव्हाच बाहेर पळाली होती. स्कूटर सुरू करू बघत होती आणि घाईत किल्ली उलटीच फिरवत होती. तो येऊन शेजारी उभा राहिला.

"माझे अकरा डबे राहिलेत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सगळ्यांना उशीर झालाय. तुमच्यामुळे!"

"मग मी येतो वाटायला." तो मागे बसला. "कुठे धरू?"

"खोकं धरा."

"आणि दुसरा हात?"

यूराने क्षणभर समुद्राकडे पाहिलं. मग मागे हात नेऊन तिने त्याचा हात धरला आणि आपल्या कमरेभोवती घेतला. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला, आणि एवढं सुख झालं की तिने ते दडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "मी आतल्या रस्त्याने नेणार नाही."