वाटाण्यांचा पाऊस

माझ्या आईवडिलांची पहिली भेट पावसात झाली. पाऊस वाटाण्यांचा होता.

ब्रिस्टलच्या त्या रेडिओ केंद्रात दोन स्टुडिओ समोरासमोर होते. एकात बातम्या, दुसऱ्यात नाटकं आणि गंमतजंमत. इशबेल रॅन्किन नोकरीवर अगदी नवी होती. गुरांच्या बाजारभावाचा कागद हातात घेऊन ती घाईने आत शिरली, ती चुकीच्या दारातून. पहिलंच पाऊल खडीने भरलेल्या ट्रेमध्ये पडलं आणि करकर वाजलं. समोर एक उंच तरुण डोळे मिटून उभा होता. हातातल्या मोठ्या चाळणीत तो सुके वाटाणे हळूहळू फिरवत होता, आणि सगळ्या खोलीत पाऊस पडत होता... छपरावरचा, संथ, न थांबणारा.

"दार लाव, लाडके," डोळे न उघडता तो म्हणाला. "पाऊस बाहेर जाईल."

"मी तुमची लाडकी नाही."

आता त्याने डोळे उघडले. पाऊस थांबला.

"बरं. मग कोण?"

"मी बातम्या वाचते."

"सहाच्या?"

"दुपारच्या." ती जरा थांबली. "हवामान. आणि... गुरांचे भाव."

"मग सांग की, आज बैलाचं काय म्हणणं आहे?"

तिने कागद वर धरला आणि बैलाचा भाव वाचला. मग गाभण गाईचा. मग मेंढ्यांचा. एकदाही ओठ हलले नाहीत हसायला. तो चाळण छातीशी धरून ऐकत राहिला.

"हा आवाज," शेवटी तो म्हणाला, "इतके दिवस मेंढ्यांवर वाया घालवत होती होय ही माणसं?"

त्याचं नाव डेन्झिल पर्नेल. नारळाच्या करवंट्यांचे घोडे, छत्रीच्या उघडझापीचे पंख, सेलरी या भाजीचे देठ मोडून हाडं... केंद्रातले सगळे आवाज तोच काढायचा.

इशबेल स्कॉटलंडची, पाद्र्याची मुलगी. त्या 'लाडके'चा राग तिने नीट घडी घालून जपून ठेवला. मग बसच्या कंडक्टरने तिला लाडके म्हटलं. मग मासेवाल्याने. मग एका पोलिसाने. चहाची गाडी ढकलणारी डोरीन तर केंद्रप्रमुख ऑर्पवुडसाहेबांनाही "साखर किती, लाडक्या?" असं विचारायची. म्हणजे ब्रिस्टलमध्ये तो शब्द रस्त्यावर पडलेलाच होता. राग गेला. त्याच्या जागी जरासं वाईट वाटलं, पण ते तिने स्वतःलाही फारसं कळू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात देशात विजेची टंचाई होती. लोक मेणबत्त्या लावून जेवत, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी मंत्री रेडिओवरून सांगत की परिस्थिती आटोक्यात आहे. डेन्झिलने त्यावर एक कार्यक्रम लिहिला होता, 'बडबडवार्ता'. पाळण्यातल्या पोरांची गाणी घ्यायची आणि ती बातम्या म्हणून वाचायची. तिकडच्या प्रत्येक मुलाला हे पाठ होतं:

हंसिणीने गिळली घंटा,
गावात माजला तंटा,
पाद्री म्हणे, वाजवू काय?
हंसीणबाई, हलवा पाय!

डेन्झिलची बातमी अशी होती: 'हंसिणीच्या पोटात घंटा असल्याच्या वृत्ताचा सरकारने इन्कार केला आहे. हंसीण दर तासाला वाजते, हे मात्र मंत्र्यांनी मान्य केले. घंटांचा तुटवडा नाही, असा दिलासा देऊन ते म्हणाले, की जनतेने घाबरून हंसिणी साठवू नयेत.'

"नटांना नाही जमत हे," तो म्हणाला. "ते वाचताना आवाजाने डोळा मारतात. तू नाही मारणार."

"माझं नाव कळलं तर सहाच्या बातम्या मला कधीच मिळणार नाहीत," इशबेल म्हणाली. तिला आयुष्यात तेवढंच हवं होतं. ऑर्पवुडसाहेबांचं ठाम मत होतं, की बाईच्या आवाजात वाईट बातमी लोकांना खरी वाटत नाही.

"नाव सांगायचंच नाही. आवाज म्हणजे नुसता आवाज."

ती विचार करत राहिली. त्याने आपली चाळण हळूच हलवली. थोडा पाऊस पडला.

"लाच देताय?"

"वाटाण्यांची. चालेल?"

"आणा तो कागद," ती म्हणाली. "निदान यात काहीतरी घडतं तरी. गुरांच्या भावात कोणी काही गिळत नाही."

मग प्रत्येक रेकॉर्डिंगला एक लढाई. ती मायक्रोफोनसमोर ताठ बसायची. तो तिला हसवायला काय काय करायचा! एकदा पायात पिवळे रबरी हातमोजे घालून हंसिणीसारखा चालला. एकदा मंत्र्यांच्या उसाशासाठी सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली. कंट्रोल रूममधली माणसं हसून हसून टेबलाखाली जायची. इशबेल वाचत राहायची, '...घंटेला सुखरूप बाहेर काढण्यासाठी समिती नेमण्यात आली आहे.'

"माणूस आहेस की डोंगरावरचा दगड?" तो वैतागून विचारायचा.

"आमच्या घरी रविवारी हसायला बंदी होती. सराव आहे."

"आज हसलीस की माझ्याबरोबर बंदरावर मासे खायला यायचं."

"आणि नाही हसले तर?"

"तर मी तुझ्याबरोबर येतो."

ती हसली नाही. दोघं बंदरावर गेली.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले गरम तळलेले मासे, बटाट्याच्या फोडी, त्यावर व्हिनेगर. धक्क्याच्या भिंतीवर बसून दोघं खात होती, तेवढ्यात एक गलेलठ्ठ हंसीण आली आणि इशबेलच्या हातातली फोड घेऊन गेली. मागून कागदही ओढायला लागली.

"ही सगळं खाते," डेन्झिल म्हणाला. "नावाड्यांचे दोरसुद्धा. तुझा कार्यक्रम ऐकते बहुतेक."

मग खरा पाऊस आला, बारीक भुरभुर. तो मान तिरकी करून ऐकू लागला.

"काय झालं?"

"खोटा वाटतो. माझा जास्त खरा आहे."

"तुमच्या पावसात कोट भिजत नाही," ती म्हणाली.

त्याने आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली तेव्हा तो उभा राहिला. "बसा, मिस रॅन्किन," म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा आहे. पण थट्टा नव्हती. डोरीन अजून लाडकी होती. बातमी-खोलीतला टंकलेखक लाडका होता. केंद्राची मांजर लाडकी होती. फक्त इशबेल तेवढी 'तुम्ही' आणि 'मिस रॅन्किन' झाली होती. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना. कोट परत देताना तिने नीट आभार मानले होते. फारच नीट मानले का?

अशात ऑर्पवुडसाहेबांनी बोलावलं.

"सोमवारपासून सहाच्या बातम्या तुम्ही वाचा. एक आठवडा बघू. आणि ती हंसीण, मिस रॅन्किन..." त्यांनी चष्मा पुसला. "मलाही कान आहेत. ते बंद. बातम्या वाचताना एकदा जरी हसलात, तर परत मेंढ्या."

ती धावतच डेन्झिलकडे गेली आणि दारात मंदावली. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या कार्यक्रमाचा जीव त्या आवाजात होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"मग वाचा सहाच्या बातम्या," तो म्हणाला. "तुमच्याच आहेत त्या."

"तुम्ही रागावलात माझ्यावर?"

चाळण कलंडली. वाटाणे खोलीभर गेले.

"नाही," तो जमिनीवर बसून वाटाणे गोळा करत म्हणाला. वर बघितलं नाही. "रागावलो असतो तर सोपं गेलं असतं."

एवढंच.

सोमवारी सहाला लाल दिवा लागला. संप, कोळसा, विजेचे तास... तिने वाचलं आणि वाईट बातम्या चांगल्या खऱ्या वाटल्या. शेवटाकडे कोणीतरी पावलं न वाजवता आत आलं आणि आताच टाइप झालेला कागद पुढ्यात ठेवून गेलं. आधी नजर फिरवायला वेळ नव्हता.

"बंदरावरील नव्या पुलाचे उद्घाटन आज महापौरांच्या हस्ते होणार होते. मात्र फीत कापण्यापूर्वीच ती एका हंसिणीने खाल्ली."

हसू ओठांपर्यंत आलं. तिने वर पाहिलं, आणि तेच चुकलं. काचेपलीकडे सगळी बातमी-खोली जमली होती. टंकलेखकाने मूठ तोंडात कोंबली होती. ऑर्पवुडसाहेब हाताची घडी घालून उभे होते. आणि मधोमध डेन्झिल. आता त्याची नजर भेटली की संपलं. याच हसण्यासाठी त्याने सबंध हिवाळा घालवला होता.

डेन्झिलने पाठ फिरवली.

भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. खांदेही हलू दिले नाहीत. त्या पाठीवर डोळे ठेवून इशबेलने पुढे वाचलं, "महापौर कात्री घेऊन काही वेळ उभे होते. उद्घाटन झाले किंवा कसे, याबाबत नगरपालिकेने बोलण्यास नकार दिला. बातम्या संपल्या."

लाल दिवा विझला. ऑर्पवुडसाहेबांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

आणि मग ती हसली. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो धावत आत आला आणि दारातच थबकला, जणू हा आवाज त्याच्या आवाजांच्या कपाटात नव्हता.

"पाठ का फिरवलीत?" तिने धाप टाकत विचारलं.

"माझं तोंड बघितलं असतंत तर मेंढ्या."

"हेच तर हवं होतं ना तुम्हाला? मला हसवायचं?"

"हवं होतं. पण सहाच्या बातम्यांची किंमत मोजून नको."

ती डोळे पुसत राहिली. "आणि ते... लाडके? ते का बंद केलंत?"

तो लाल झाला. "कंडक्टरला म्हणतो मी ते. मांजरीला म्हणतो. तेच तुम्हाला कसं म्हणू?"

"मग काय म्हणणार?"

"शोधतोय."

"आणि सापडेपर्यंत?"

"सापडेपर्यंत... रोज भेटावं लागेल."

"तोवर इशबेल म्हण," ती म्हणाली. "आणि 'तू' म्हण."

दार ढकलून चहाची गाडी आत आली. डोरीनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"चहा घेताय का, लाडक्यांनो? की नंतर येऊ?"

"नंतर ये," इशबेल सहाच्या बातम्यांच्या आवाजात म्हणाली.

'बडबडवार्ते'च्या शेवटच्या भागात डेन्झिलने हंसिणीला मंत्री केलं आणि कार्यक्रम संपवला. उन्हाळ्यात दोघांनी लग्न केलं. दर वर्षी त्या दिवशी आई विचारायची, "शब्द सापडला का?" आणि बाबा म्हणायचे, "शोधतोय." या फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्येही तिने विचारलं. बाबांना बोलायला वेळ लागला. "जवळ आलोय," ते म्हणाले.

आपल्या अंत्यविधीला चर्चमध्ये हंसिणीची बातमी वाचायची, अशी त्यांची इच्छा होती. आईने नाही, मी. "ती फार चांगलं वाचेल," ते मला म्हणाले होते, "मग कोणी रडणार नाही."

मी वाचायला उभी राहिले. दर तासाला वाजणाऱ्या हंसिणीपाशी लोक हसले. पुढे समिती होती, तिथे माझा आवाज अडला. मी वर पाहिलं. पहिल्या बाकावर आई होती. आता आमची नजर भेटली असती तर माझ्याने पुढे वाचवलं नसतं.

आईने बसल्या जागी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड, पाठ ताठ, खांदे स्थिर.

त्या पाठीवर डोळे ठेवून मी शेवटपर्यंत वाचलं.