अठरा नंबरचं घर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी, सव्वातीन वाजता, लख्ख उन्हात.

म्हणूनच ते जास्त छळतं.

मी घरोघरी ऑक्सिजनचे सिलेंडर पोहोचवतो. टेकडीवरच्या वसाहतीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून ऑफिसने गाडीत वेगळा जीपीएस बसवून दिलाय. काचेला चिकटवलेला, तळहाताएवढा. त्यात प्रत्येक पेशंटच्या घराला आमच्या यादीतला एक नंबर असतो आणि रोजचे थांबे तोच सांगतो, बाईच्या आवाजात. बायको म्हणायची, "माझं एक ऐकत नाहीस, तिचं मात्र मुकाट ऐकतोस!"

खरंच ऐकायचो. ती म्हणाली वळा, की वळायचं. डोकं तिच्याकडे गहाण.

आमच्यात एक नियम आहे. पेशंट गेला, की त्याचं घर जीपीएसमधून काढून टाकायचं. एकदा आमचा एक ड्रायव्हर चुकून भरलेला सिलेंडर घेऊन अशा घरी गेला होता. तिथल्या मुलाने त्याची कॉलर धरली.

त्या रविवारी घड्याळ दुरुस्त करणारे काका गेले. सतरा नंबर. सोमवारी सकाळी एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हाताने मी त्यांचं घर डिलीट केलं.

निदान मला तसं वाटलं.

गुरुवारी शेवटचा थांबा टेकडीवर होता. "आपण पोहोचलात," बाई म्हणाली. मी मान वर केली...

समोर काकांचं दार. दाराला कुलूप.

मी यादी पुन्हा चाळली. सतरा तर यादीत होतं. मग मी काढलं काय?

अठरा.

अठरा म्हणजे याच वसाहतीतल्या शिलाईवाल्या मावशी. जिवंत. त्यांना एक सिलेंडर जेमतेम दोन दिवस पुरतो. नवीन द्यायचा होता मंगळवारी. जीपीएसने सांगितलं नाही, मी गेलो नाही. मला साधी आठवणसुद्धा झाली नाही.

आता माझी अक्कल बघा. सहा महिने मी त्या घरी जातोय, आणि मला रस्ताच आठवेना! सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी दारं हिरवी. मी रस्ता कधी पाहिलाच नव्हता, नुसता स्क्रीनवरचा बाण पाहिला होता. एक गल्ली पालथी घातली. दुसरी घातली. विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोन लागत नाही.

मी रडकुंडीला आलो. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणालो, "देवा, मी मारलं त्यांना."

आणि तेवढ्यात...

"मागे... वळा."

मी दचकलो. यादी कधीच संपली होती. स्क्रीन काळी होती.

आणि आवाज बाईचा नव्हता.

म्हाताऱ्या पुरुषाचा होता. दम लागलेला. दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास घेणारा. हा श्वास मी ओळखत होतो, पण तेव्हा ते कबूल करायला वेळ नव्हता. मी गाडी वळवली.

"डावीकडे... घ्या..."

घेतली.

"चढावर... इथं... थांबा."

दार नुसतं लोटलेलं होतं. खांद्यावर सिलेंडर घेऊन मी आत धावलो.

मावशी पलंगावर होत्या. नाकात नळी. छाती हलत होती. जुन्या सिलेंडरचा सूं... सूं... आवाज येत होता. मला हायसं वाटलं.

मग मी काटा पाहिला.

शून्यावर.

मी हात लावला, आणि आवाज बंद झाला. कसाबसा नवीन सिलेंडर जोडला. सिलेंडरची चावी दोनदा खाली पडली.

"उशीर केलास रे," मावशी म्हणाल्या. "मंगळवारपासून घड्याळवाले भाऊ येऊन बसलेत. म्हणाले, तुमचा माणूस येईपर्यंत मी चावी देत राहतो. आत्ताच उठले. म्हणाले, त्याला घर सापडत नाहीये, घेऊन येतो."

काका गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मावशींच्या भाचीने मुद्दाम लपवलं होतं. ती रोज सकाळी जेवण ठेवून कामाला जाते. संध्याकाळी ती आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "आवाज येत होता, म्हणून मी काटा बघितलाच नाही. आणि घरी कुणीच आलं नव्हतं."

ऑफिसला मी माझी चूक सांगितली, बोलणी खाल्ली. अठरा नंबर पुन्हा यादीत घातला. त्या घराचा रस्ता आता तोंडपाठ आहे. मावशींना मात्र खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

परवा गेलो होतो. फार दमलो होतो. पलंगाजवळच्या खुर्चीवर टेकायला गेलो, तर मावशींनी हात वर केला.

"तिथं नको रे. भाऊ बसलेत."

मी खुर्चीपासून मागे सरलो. "अजून... येतात?"

"रोज. मी म्हणते, आता कशाला त्रास घेता? तो येतो की वेळेवर."

"मग?"

मावशींनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जरा ओशाळून हसल्या.

"म्हणतात, नको. त्याचा भरवसा नाही."