दहा लाख एक

पंचफुला आणि इंद्रभानची गाठ योगायोगानं पडली. पाहुणे खरं तर चिखलीची मुलगी बघायला निघाले होते. तिला कांजिण्या आल्या, म्हणून मंडळी बुलढाण्यात पुंजाजींकडे वळली. आपण बदली उमेदवार आहोत, हे पुंजाजींच्या लेकीला, पंचफुलाला, पोहे नेता नेता कळलं. तिचा राग तिथून सुरू होतो.

ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, इंद्रभान नांदुऱ्याच्या शाळेत. दिसायला बरा होता — हाही तिला त्याचा अपराधच वाटला. सतरंजीवर दोघांच्या मध्ये पाच नातेवाईक बसले होते. शिवण येतं का, पुरण जमतं का, हे विचारून झालं; तिनं दोन्हींना 'हाव' म्हणून होकार दिला. मग त्याचे काका महादेवराव त्याला म्हणाले, तूही काही विचार.

इंद्रभाननं चष्मा पुसला. "दहा लाख एक... या संख्येचे अवयव सांगता येतील?"

"माझी परीक्षा घेऊन राह्यले का तुम्ही?"

"नाही... आवडती संख्या आहे माझी. दोन टोकांना दोन एक, मध्ये नुसती पाच शून्यं." बोलताना त्यानं मधल्या पाच जणांकडे पाहिलं.

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाही राग आला.

"मूळ संख्या आहे ती," तो म्हणाला. "सत्त्याण्णवपर्यंत भागून पाहिलं मी. कशानंच भाग जात नाही."

"पुढं काऊन नाही गेले?"

"आमच्या सरांनी शंभरापर्यंतच सांगितलं होतं..."

"हजारापर्यंत जा लागते. एकशे एकनं भाग जाते."

महादेवराव उठले. मुलाकडच्यांची चूक काढणारी सून त्यांच्या घराण्यात अजून आली नव्हती. "बाबू, तिचं चुकलं म्हन, अन् चाल."

सगळे उभे राहिले. इंद्रभान तेवढा बसून पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर भागाकार करत होता. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य.

"तिचंच बरोबर आहे, काका."

मग इथंच राहा, असं सांगून काका मंडळींसह एसटी गाठायला गेले. त्यांची समजूत काढायला पुंजाजी मागोमाग धावले.

"माझ्या बाबाले आता गावभर उत्तर द्या लागन," पंचफुला म्हणाली. आवाज चढलेलाच होता. "तुम्ही कशाले बसले?"

"एक विचारायचं राह्यलं."

"अजून एक संख्या?"

"नाही. मुलगी पसंत आहे का, हे मले सगळ्यांनी विचारलं. तुम्हाले कोणी..." तो अडखळला. "तुम्हाले मी पसंत आहो का?"

आजवर आलेल्या एकाही पाहुण्यानं हे विचारलं नव्हतं. तिनं पोह्यांची बशी त्याच्यापुढे जवळजवळ आदळली.

"गार झाले. खा. अन् हाव म्हटलं म्हणून राग गेला असं समजू नका."

"हाव म्हटलं...?"

"म्हटलं ना आता."