इंटरकॉम उचलायचा नाही

आदल्या रात्री नंदिनीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण घरात थर्मामीटर दोन होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक म्हणे नव्याण्णव, दुसरा म्हणे एकशे एक. मध्ये तीन वर्षांची गीतू झोपलेली, आणि नंदिनी आळीपाळीने दोघांवर विश्वास ठेवत पहाटेपर्यंत जागी.

"म्हणजे ताप होता की नव्हता?" आकाशने विचारलं.

"तेच तर," शिवरामकाका म्हणाले. "एम.एससी. झालेली मुलगी. पण पोर गरम लागलं की एम.एससी. कुठं पळते कोण जाणे."

रात्रीचे साडेअकरा झाले होते. नेरूळमधल्या त्या सोसायटीच्या बाकांवर आकाश, संघमित्रा आणि आणखी चार-पाच पोरं बसली होती, सगळी भाड्याने राहणारी. कमिटीने त्या दिवशीच नवा फतवा काढला होता: भाडेकरूकडे पाहुणा मुक्कामाला यायचा असेल तर फ्लॅटमालकाची परवानगी हवी. पोरं पेटली होती. शिवरामकाका जेवणानंतरच्या फेऱ्या मारता मारता ऐकत होते, ते येऊन टेकले.

"भांडा," ते म्हणाले. "जरूर भांडा, नियम भांडण्याच्याच लायकीचा आहे. पण आम्ही सारसोळे गावाला लागून राहायचो, तेव्हा ही नंदिनी आमच्या वरच राहायची. तिचं ऐका, मग काय ते ठरवा. तिनं हे आमच्या हिला, मालतीला सांगितलं. एकदाच. मालतीला थापा मारता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे."

मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला.

२०२३चा डिसेंबर. एकवीस तारीख, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. सकाळी नंदिनी मेडिकलमध्ये गेली ती तिसरा थर्मामीटर आणायला. परत येताना लिफ्टपाशी तिला चौथ्या मजल्यावरच्या क्रांतीने गाठलं.

"रात्रीचं लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! गेला आठवडाभर बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. तिथला नियम असा, की रात्री नऊनंतर भाडेकरूकडे कुणीही आलं तर वॉचमनने इंटरकॉम करायचा, आणि घरातून 'हो' आल्याशिवाय गेट उघडायचं नाही. मालकांच्या पाहुण्यांना मात्र सलाम. क्रांतीचे वडील बायपास झालेले. लाइन बिझी, घरून कुणी उचलत नाही, असं करून त्यांना बाहेर तासभर उभं केलं होतं. त्यावर क्रांतीनेच तोड काढली होती. गुरुवारी रात्री प्रत्येक भाडेकरूने पाहुणे जेवायला बोलवायचे, आणि इंटरकॉम कुणीच उचलायचा नाही. गेटवर अशी जत्रा भरली पाहिजे की सेक्रेटरीला झोपेतून उठून खाली यावं लागेल.

"आणि तू गं नंदिनी," क्रांती म्हणाली, "तूच पहिली उचलशील बघ. 'सॉरी हं दादा, आले हं दादा' करत."

लिफ्टमधल्या दोघी-तिघी हसल्या. नंदिनीही हसली, कारण ते खरं होतं.

दुपारी तिसऱ्या थर्मामीटरने शंभर दाखवले. म्हणजे बरोबर मधोमध, म्हणजे पुन्हा काहीच कळलं नाही. नवरा अश्विन जासईला कंटेनर यार्डात नाइट ड्यूटीवर जाणार होता. रात्र एकटीने काढायची होती. तिने हरेशला फोन लावला आणि म्हणाली, जरा आईला द्या.

हरेशची आई म्हणजे गोजरा. सारसोळे गावातली. गीतू झाली तेव्हा वर्षभर तिला तेल लावून न्हाऊ घालायला तीच यायची. काम संपलं तरी तिचं येणं संपलं नाही. यायची, पोरीला मांडीवर घ्यायची, कपभर चहा प्यायची, जायची.

"आगो, घाबरतंस कशाला?" गोजरा फोनवर म्हणाली. "घरातला आवरते न येते. रातची तुज्याकडंच निजन. मी हाय ना?"

आठच्या सुमारास गीतूला दरदरून घाम फुटला, ताप उतरला आणि ती गाढ झोपली. गोजरा येणार होती हे आपण विसरलो, असं नंदिनी पुढे स्वतःला सांगायची. पण ती विसरली नव्हती. नऊ वाजून गेले, आता काय येतेय, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

दहा वाजता गेटवर खरोखरच जत्रा भरली. मामा, मावश्या, कडेवरची पोरं, कुणाचा तरी भाऊ हातात मटणाचा डबा घेऊन ओरडतोय, "अरे, रस्सा थंड होतोय, गेट उघडा!" हसणं, शिट्ट्या. बिल्डिंगभर इंटरकॉम खणखणत होते आणि कुणी उचलत नव्हतं.

मग तिच्या घरातला वाजला.

"आता नीट ऐका," शिवरामकाका म्हणाले. "तिनं जेवायला कुणालाच बोलावलं नव्हतं. पोर आजारी, कुणाला बोलावणार? मग गेटवर कोण असेल, हे सांगायला काही ज्योतिषी नको होता."

तिने रिसीव्हरवर हात ठेवला. क्रांतीचं हसणं कानात होतं. आयुष्यात एकदा तरी घाबरट ठरायचं नाही, असं तिला वाटलं. आणि असं कितीसं थांबावं लागणार आहे? सेक्रेटरी उतरेलच, गेट उघडेल, सगळ्यांबरोबर गोजराही येईल वर.

इंटरकॉम थांबला. पुन्हा वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजला तो बराच वेळ वाजत राहिला. नंदिनी हात तसाच ठेवून उभी होती. बोटांना तो थरथरताना कळत होता.

पावणेअकराला सेक्रेटरी नाइट पॅंटमध्ये खाली आला. बाचाबाची झाली, नियम मागे घेतला, गेट उघडलं. टाळ्यांनी बिल्डिंग दणाणली. क्रांतीने जिन्यातून हाक मारून सांगितलं, "जिंकलो गं! आणि तूही नाही उचललास, शाब्बास!"

गोजरा काही वर आली नाही. कंटाळून गेली असेल, असं म्हणून नंदिनी झोपली. आणि लाज वाटण्याची गोष्ट म्हणजे तिला त्या रात्री छान झोप लागली.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांना गोजरा दिसली. सारसोळ्याकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कट्ट्यावर बसलेली. बसल्या बसल्याच गेली होती.

नंदिनी भेटायला गेली तेव्हा हरेश म्हणाला, "कालपासून छातीत चमकत व्हतं तिच्या. मी बोल्लो, नको जाऊ. बोल्ली, पोरगी एकटी हाय." मग थांबून त्याने विचारलं, "तुमी झोपला असाल ना, वहिनी?"

नंदिनीने मान हलवली.

"हो म्हणाली?" संघमित्राने विचारलं.

"मान हलवली," शिवरामकाका म्हणाले.

पाम बीच रोडवरून एक ट्रक गेला. काकांनी तो जाऊ दिला.

त्यानंतर नंदिनीने कुणालाच काही सांगितलं नाही. अश्विनलाही नाही. काय सांगणार? पोलिसांत जाण्यासारखा तो गुन्हा नव्हता, आणि माफी मागायची ती ज्याची मागायची ते माणूस उरलं नव्हतं. एकच तिच्या डोक्यात बसलं. गोजरा येणार होती ती गीतूसाठी. अडवलेलं माणूस परत येतं म्हणतात... आली तर कुणाला घेऊन जाईल? नंदिनी गीतूचा पाय मुठीत धरून झोपायला लागली.

जानेवारी उजाडताच कमिटीने हरल्याचा राग काढला. इंटरकॉमच बंद केला. खालच्या डब्यातून वायरी कापून नेल्या. भिंतीवर नुसता रिसीव्हर राहिला.

अकरा जानेवारी. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि त्याच दिवशी अमावस्या. अमावस्येला उद्यापन करावं की नाही, यावर बायकांचे दिवसभर वाद चालले होते. अश्विन रात्री जासईला गेला. गीतू झोपली. नंदिनीने दिवा मालवला. सव्वाबारा झाले असतील.

इंटरकॉम वाजला.

ती उठली नाही. ही लाइन मेली आहे. कापलेल्या वायरी तिने स्वतः पाहिल्या होत्या.

थांबला.

पुन्हा वाजला.

गीतूने कूस बदलली.

ती उठली. अंधारातच भिंतीपाशी गेली. रिसीव्हरवर हात ठेवला. तो थरथरत होता... तसाच.

थांबला.

तिसऱ्यांदा. हा थांबणार नाही, हे तिला कळलं.

तिने उचलला.

आधी काहीच नाही. मग लांबून गलका. पोरांचा. बायकांचा. कुणीतरी शिट्टी घातली. कुणी ओरडलं... रस्सा थंड होतोय, गेट उघडा...

नंदिनीने खिडकीतून खाली पाहिलं. गेट बंद. रस्ता रिकामा. एक कुत्रं झोपलेलं.

कानात तोच गलका. आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी दम लागल्यासारखं श्वास घेत होतं.

मग वॉचमनचा आवाज. "मॅडम... गोजराबाई आयी है. भेजूं?"

...

"हो म्हणावं तर आत पोर आहे," शिवरामकाका हळू म्हणाले. "आणि नाही म्हणावं, तर तेच पाप दुसऱ्यांदा."

...

"भेजो," नंदिनी म्हणाली. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मी जागी होते. तेव्हा. मी जागीच होते, गोजराआजी."

गलका थांबला. ठार शांतता.

खाली लिफ्ट सुरू झाली. दोन नंबरची, भाडेकरूंना नेमून दिलेली. वर येत राहिली. तिच्या मजल्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज.

बेल नाही.

तिने कडी काढली. पॅसेजचा दिवा माणूस आलं की आपोआप लागतो. तो लागलेला होता.

समोर कुणी नव्हतं.

ती दारातून बाजूला झाली. "या," म्हणाली.

थोडा वेळ तशीच उभी राहिली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला चपला काढून आत यायला लागतो तेवढा. मग दार लावलं. आत जाऊन गीतूला पोटाशी धरलं. आज डोळा मिटायचा नाही... काही झालं तरी... मिटायचा नाही...

काका थांबले. आकाशने पाण्याची बाटली उघडली होती, ती तशीच हातात होती.

"मग?"

मग सकाळ झाली. ऊन अंगावर आलं तशी नंदिनी दचकून उठली. गीतू शेजारी बसून बाहुलीचे केस ओढत होती. अंग गार, डोळे तरतरीत. नंदिनीने तिला छातीशी घेतलं, कपाळ बघितलं, हात-पाय बघितले, मान बघितली. आणि तिचा हात थांबला.

गीतूच्या डाव्या कानामागे तीट होती. काळीभोर, गोल, बोटाने लावलेली. त्या घरात काजळ नव्हतं. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून कधी आणलंच नव्हतं.

"गीतू," तिने विचारलं, "ही कुणी लावली?"

गीतू बाहुलीतच होती. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, हात लांबवला आणि आईच्या कानामागचे केस बाजूला केले.

"आजीनं," ती म्हणाली. "आधी तुला लावली. मग मला."