वाटेवरची फांदी

"तिच्या हातचं मला नको, आई!" रिथीने वाडगा बाजूला सारला, आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा, कोलाबचा, पुढे आलेला हात तसाच अधांतरी राहिला...

एकवीस वर्षं! मोठा होऊन बात्तंबाँग शहरात गेल्यावरही दर नववर्षाला तो गावी यायचा, आईच्या पायांवर डोकं ठेवायचा, आणि बहिणीने रांधलेल्या माशाच्या कालवणाला बोट लावायचा नाही. शहरात तो सुरुंगाने पाय नेलेल्यांसाठी लाकडी पाय बनवी; अनोळखी म्हाताऱ्यांचे तुटलेले पाय मांडीवर घेऊन हळुवार मापं काढी. इतका मायाळू माणूस! बहिणीपुरतीच त्याची माया आटली होती.

त्याचं तरी काय चुकलं? युद्धात सुरुंग पेरलेल्या वाटेवर गावकरी खूण म्हणून झाडाची फांदी आडवी टाकत. ती दिसली की पोरं माघारी वळत. नऊ वर्षांचा रिथी वासरामागे धावला, त्या दिवशी फांदी तिथे नव्हती, आणि सुरुंगाने त्याचा पाय नेला. कोणीतरी ती चुलीसाठी ओढून नेली होती. "मी नेली," असं चौदा वर्षांच्या कोलाबने सांगितलं, बापाचा मार मुकाट खाल्ला, आणि पुढे तिला आलेली दोन्ही स्थळं 'भावाचा पाय खाणारी' म्हणत परत गेली.

आता बाप नव्हता, आणि रिथीला त्या दिवसातलं वासराखेरीज काही आठवत नव्हतं. म्हणून खांबांवर उभ्या घराखालच्या बाजेवर नकाशा पसरून बसलेली सोफान कोलाबलाच विचारत होती. परदेशी मदतीवर सुरुंग काढणाऱ्या पथकाची ती प्रमुख.

"कोलाबताई, रानात जुन्या वाटा दोन, एक तळ्याकडची, एक चिंचेकडची. फांदी कोणत्या वाटेवर होती? दुसऱ्या वाटेला आम्ही तंबू ठोकणार. उद्या माझ्या पथकातल्या पोरी रानात उतरतील, तेव्हा नीट आठवून सांगा."

कोलाब नकाशावर वाकली. तिने ती फांदी कधी पाहिलीच नव्हती! "तळ्याकडच्या... वळणाशी."

"नक्की?"

"मीच उचलली ना! मला नाही तर कोणाला ठाऊक?"

सोफानने तळ्याशी खूण केली.

"पूस ते!" आई ताडकन उठली. "तळ्याकडे नव्हे गं बाई, चिंचेखाली! तिथेच तंबू ठोकतील या पोरी... नको, आणखी कोणाचं लेकरू नको! चिंचेखालून ती मीच ओढून आणली. घरात वाळकं लाकूड नव्हतं... म्हटलं, भात तरी शिजेल..."

रिथी आईकडे वळला. "मग हिने?"

"हिने मला बोलूच दिलं नाही रे!"

"आणि तू गप्प बसलीस? एकवीस वर्षं?"

"पहिल्या वर्षी भ्याले. मग लाज वाटली. मग..." आईने तोंड फिरवलं. "मग सवय झाली रे."

रिथी खुरडत बहिणीपाशी आला. "तू तरी एकदा बोलायचंस! मी तुला काय काय बोललो... का गं?"

"दवाखान्यात तू फक्त आईच्या हातून घास घेत होतास," कोलाब हळूच म्हणाली. "तिच्यावर रुसला असतास, तर जेवला असतास कोणाच्या हातचं? माझ्यावर रुसूनही तू जगलास रे... मला तेवढंच हवं होतं."

त्याने बाजूला सारलेला वाडगा ओढून घेतला. "ताई... वाढ मला."

सोफानने तळ्याशेजारची खूण पुसली, चिंचेशी नवी केली, आणि नकाशा गुंडाळून ती निघून गेली.

कोलाबने वाडगा भरला, पण त्याच्यापुढे ठेवला नाही. खांबाकडे तोंड करून बसलेल्या आईकडे तिने बोट दाखवलं. "आधी तिला. तुझ्या हाताने."

रिथीने एकदा आपल्या लाकडी पायाकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या पिकू लागलेल्या केसांकडे. मग तो आईशेजारी बसला, आणि त्याने तिच्या ओठांशी घास नेला.

कालवण गार झालं होतं. ते गरम करायला कोलाबने चुलीत लाकूड सारलं, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिला मोठ्याने रडू फुटलं.